मी मोजत होते ना

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी आईला घेऊन मंडईत गेले होते. त्या संध्याकाळी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. पाच पानांच्या जुड्या, पाच फळांचे वाटे, शेवंतीच्या वेण्या, आणि पलीकडे थंडीची भाजी: हरभऱ्याच्या पेंढ्या, मटार, तुरीच्या शेंगा, पाणी शिंपडलेली मेथी. ओल्या गोणपाटाचा आणि कोथिंबिरीच्या देठांचा मिळून एक वास तिथे भरून राहिलेला असतो. तो वास आला की आईची पाठ जरा सरळ होते, हे मी कित्येक वर्षं बघते आहे. तिच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडे आम्ही मेथी, आलं, लिंबं आणि पानांची जुडी घेतली. "पंच्याऐंशी झाले काकू," मावशी म्हणाल्या.

आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि पाकीट काढलं. कुठल्याशा सराफाच्या दुकानातून दिवाळीला मिळालेलं लाल पाकीट, चेन मध्येच अडकणारं. चेन ओढताना ती पाकीट पोटाशी धरते. आत चार घड्या घातलेल्या नोटा. तिनं एक वीसची उलगडली, दुसरी उलगडली, मग दहाची. मग नाणी तळहातावर ओतून घेतली आणि तर्जनीनं एकेक नाणं अंगठ्याकडे सरकवायला लागली. दहाचं आणि वीसचं नाणं दिव्याच्या उजेडात तिला सारखंच दिसतं, म्हणून ती कड चाचपून बघते. वीसच्या नाण्याला कोन असतात, ते बोटाला कळतात. तिचे ओठ हलत होते. मागून कोणाची तरी पिशवी माझ्या कमरेला लागली, कोणीतरी "चला हो पुढे" म्हणालं, आणि मी फोन काढून खांबाला लावलेल्या कोडसमोर धरला. "पंच्याऐंशी रुपये प्राप्त झाले," मावशींची डबी मोठ्यानं बोलली. आईचं बोट तळहातावर जिथे होतं तिथेच थांबलं. मग तिनं नाणी एकेक करून परत पाकिटात टाकली, नोटांना पुन्हा चार घड्या घातल्या, चेन लावली.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. बाजीराव रस्ता ओलांडताना माझा दंड धरला, तेवढंच. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती दम खायला थांबली, कठड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मी मोजत होते ना."

रागानं म्हणाली असती तर मी चार शब्द बोलले असते, तिनंही बोलून घेतलं असतं आणि विषय मिटला असता. पण आवाजात राग नव्हता. बसमध्ये आपण जागेवर रुमाल टाकून ठेवावा आणि कोणी तो न बघताच येऊन बसावं, तेव्हा माणूस ज्या आवाजात "इथे मी होते" म्हणतं, तसा तो आवाज होता. रात्री मी मनात हिशेब करत राहिले. तिला अजून किती वेळ लागला असता? एक मिनिट, फार तर दीड. त्या दीड मिनिटासाठी मी तिच्या हातातून नक्की काय काढून घेतलं, हे मात्र मला नीट सांगता येईना.

आईचं लग्न १९६८ सालचं. तेव्हापासून ती रोज रात्री जमाखर्च लिहिते. सुरुवातीला दोनशे पानी वह्या, मग बाबांना ऑफिसातून मिळणाऱ्या डायऱ्या, आता औषधांच्या दुकानातून मिळतात त्या. कालची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. दूध, रॉकेल, पोस्टकार्डं, आमच्या शाळेच्या फिया, बाबांच्या सायकलचं पंक्चर, पाहुण्यांसाठी आणलेली बाकरवडी. मेळ बसला नाही तर ती झोपत नसे. एकदा पंचवीस पैसे लागत नव्हते म्हणून रात्री साडेदहाला तिनं खुंटीवरच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे केले होते आणि शेवटी ते माझ्या कंपासपेटीत सापडले. घरात पैसा जेमतेम होता आणि तो पुरवून पुरवून वापरण्याचं सगळं काम त्या वहीत चालायचं. आईला नोकरी नव्हती, पदवी नव्हती. आमच्या घराची अर्थमंत्री मात्र ती होती, आणि हे बाबा चारचौघांत मान्य करायचे.

त्या गुरुवारनंतर एका दुपारी ती झोपलेली असताना मी या वर्षीची डायरी काढली. आपण करतोय ते बरं नाही हे कळत होतं, तरी काढली. अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं. जूनमध्ये एकाच दिवशी दूध दोनदा लिहिलेलं, त्यातलं एक नंतर खोडलेलं. ऑगस्टमध्ये एका पानावर नुसती तारीख. दिवाळीच्या सुमाराला सलग चार दिवस शिल्लक कोरी. या सगळ्याची मनाशी थोडी तयारी होती. तयारी नव्हती ती एका गोष्टीची. मार्चनंतर आई पेन सोडून शिसपेन्सिलीनं लिहायला लागली होती. शिल्लक लिहिलेल्या जागी कागद खोडरबरानं चोळून चोळून इतका पातळ झाला होता की पलीकडच्या पानावरचे आकडे त्यातून दिसत होते. म्हणजे तिला माहीत होतं. आपले आकडे चुकतात, ते पुन्हा करावे लागतात, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी नऊ महिने माहीत होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही, कागदावर एक उपाय काढला आणि काम चालू ठेवलं.

डायरी होती तशी उशाखाली ठेवली.

आमच्या लहानपणी याला म्हातारचळ म्हणायचे. बाबांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला तो लागला तेव्हा मी आठवीत होते. शनिवार पेठेतला वाडा, मध्ये चौक, चौकात नळ. संध्याकाळी दिवे लागले की आजी अस्वस्थ व्हायची. नऊवारीच्या पदरात दोन लुगडी, एक तांब्या आणि देवघरातली अन्नपूर्णा बांधून घ्यायची आणि "मला घरी जायचंय" म्हणत दिंडी दरवाजाशी जायची. साठ वर्षं ती त्याच घरात राहत होती. दारासमोरचा किराणा दुकानदार "आजी, आता अंधार पडला, उद्या सकाळी सोडतो की तुम्हाला" म्हणून तिला परत आणून सोडायचा. कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. साठी बुद्धी नाठी म्हणायचे, आणि कामाला लागायचे. आज वाचलं की त्या दिवेलागणीच्या घालमेलीला वैद्यकात नाव आहे, आणि ती डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, कितीतरी रुग्णांत दिसते, तेव्हा पहिल्यांदा आठवतं ते तिचं गाठोडं.

आजी तिसरीपर्यंत शिकली होती. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि पाटी सुटली. तिच्या सासरच्या वाड्यापासून चालत थोड्या अंतरावर तो भिडेवाडा, जिथे सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. शाळा इतकी जवळ आणि आजी तिसरीत थांबलेली, याची हळहळ मला पूर्वी वेगळ्या कारणानं वाटायची. आता त्यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, तर बायकांत ९ टक्के. शहरापेक्षा खेड्यात जास्त. लहानपणी न मिळालेलं शिक्षण हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक आहे, हे आता अभ्यासकांनी पक्कं धरलं आहे. म्हणजे आठव्या वर्षी जे हातात पडतं किंवा पडत नाही, त्याचा हिशेब सत्तराव्या वर्षी लागतो. बायकांच्या त्या ९ टक्क्यांमागे मला कितीतरी सुटलेल्या पाट्या दिसतात.

आजीचं एक काम मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. वाती वळणं. माझं नाव तिला आठवेना, नळाला पाणी येतं ती वेळ आठवेना, पण कापसाचा पेळू हातात दिला की बोटं आपोआप चालू व्हायची. मांडीवर राखेची वाटी, बोट राखेत टेकवायचं आणि तळव्यावर वात वळायची, एकसारखी, एका लांबीची. दुपारभर वळायची. इतक्या वाती लागणार कोणाला? रात्री आजी झोपली की काकू त्या वाती पिंजून पुन्हा कापूस करायची आणि सकाळी तोच कापूस तिच्यापुढे ठेवायची. तेव्हा मला ते फार वाईट वाटलं होतं. आजीला फसवताहेत असं वाटून मी काकूशी दोन दिवस बोलले नव्हते. आज माझं मत तसं राहिलेलं नाही, पण पूर्ण उलटही झालेलं नाही. काकूनं तिच्या हाताला काम ठेवलं. आणि ते काम कोणालाच नको होतं, हेही खरं.

बाबांच्या बाबतीत आम्ही एवढंही केलं नाही.

बाबा पंचाहत्तरीपर्यंत रोज पहाटे पर्वती चढायचे. १०३ पायऱ्या, वर देवदेवेश्वराला नमस्कार, धुक्यातलं पुणं एकदा नजरेखालून घालायचं आणि खाली येऊन चहा. "चालता-बोलता जावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाचं तेच होतं. शतायुषी व्हा असा आशीर्वाद कोणी दिला की ते म्हणायचे, "शंभर नको, हातपाय चालतील तितकीच द्या." महर्षी कर्व्यांचं उदाहरण मात्र त्यांना फार आवडायचं. हिंगण्याहून फर्ग्युसनला पायी जाणारे अण्णासाहेब, १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न आणि १९६२ मध्ये १०४ व्या वर्षी मृत्यू. पण कर्व्यांच्या नव्वदीत, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला, भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यात लहानपणी गेलेल्या मुलांचा आकडा मोठा होता हे धरूनही, म्हातारपण ही तेव्हा थोड्यांच्याच वाट्याला येणारी गोष्ट होती. आता ती बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि घराघरात आम्ही त्यासाठी अगदीच नवखे आहोत.

२०१६ च्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभंही केलं होतं. घरी आणल्यावर आमचं प्रेम सुरू झालं. चहा अंथरुणात, जेवण अंथरुणात, लघवीचं भांडं कॉटखाली, उशाशी घंटी. भाऊ बंगळूरहून रोज व्हिडिओवर सांगायचा, "बाबा, पूर्ण आराम करा, काही करायचं नाही." फिजिओथेरपीला एक तरुण मुलगा यायचा. तो कॉटपासून दोन हात लांब उभा राहायचा आणि म्हणायचा, "काका, मी धरणार नाही. तुम्ही उठा." बाबा कॉटची कड धरायचे, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, तोंड वाकडं व्हायचं, आणि माझ्या पोटात कालवायचं. एक दिवस मी त्याला बाहेर बोलावून सांगितलं, "जरा दमानं घ्या हो, वय बघा त्यांचं." तो म्हणाला, "ताई, वय बघूनच सांगतोय." तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, आज नको. मी त्याला फोन करून सांगितलं, आज नको. मग ते नकोच झालं.

निरोगी ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस झोपवून ठेवलं तर त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोनं घटतात, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. हे निरोगी माणसांचं, हाड मोडलेल्यांचं नाही. आम्ही बाबांना दोन महिने निजवून ठेवलं. पर्वती चढणाऱ्या त्या पोटऱ्या माझ्या डोळ्यांदेखत दोन पिशव्यांसारख्या लोंबायला लागल्या. नंतर ते खुर्चीपर्यंत आले, खिडकीपर्यंत आले, पण जिना उतरले ते एकदम २०१९ मध्ये, चौघांच्या खांद्यावरून. मधली तीन वर्षं ते घंटी वाजवत होते आणि आम्ही धावत होतो. आम्ही कंटाळलो नाही, कुरकुर केली नाही, नात्यातले सगळे म्हणायचे की फार केलंत बाबांचं. ते मला आजही ऐकवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना दोन आकडे काढते. एक आयुर्मान, दुसरं निरोगी आयुर्मान. २०१९ साठी भारताचा पहिला आकडा ७०.८ आणि दुसरा ६०.३. मधलं अंतर साडेदहा वर्षांचं. याचा अर्थ प्रत्येकाची शेवटची दहा वर्षं अंथरुणात जाणार असा नाही. आजाराचं, अधूपणाचं वर्ष पूर्ण वर्ष म्हणून धरत नाहीत. त्रास जितका मोठा तितका भाग त्यातून वजा करतात, मग तो त्रास विसाव्या वर्षीचा असो की ऐंशीव्या. गुडघेदुखीतलं थोडं, नैराश्यातलं थोडं, अर्धांगवायूतलं बरंच, असं करत ही दहा वर्षं साठतात. त्यातला एक तपशील वाचून मी थांबले होते. भारतातल्या बायका पुरुषांपेक्षा अडीच-पावणेतीन वर्षं जास्त जगतात, पण त्यांची निरोगी वर्षं पुरुषांइतकीच आहेत. म्हणजे बाईला जी जास्तीची वर्षं मिळतात ती जवळजवळ सगळी दुखण्याच्या खात्यावर जमा होतात. बाबा गेल्यानंतर आईला मिळालेली ही वर्षं मला त्या आकड्यात दिसली.

१९८० साली जेम्स फ्राइज नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं मांडलं होतं की आयुष्य कितीही लांबवण्यापेक्षा दुखण्याचा काळ शेवटाकडे ढकलत न्यावा, आणि तिथे तो आखूड करत आणावा. पर्वतीच्या कट्ट्यावरचं "चालता-बोलता जावं" ते हेच. फरक एवढाच, की कट्ट्यावर ते देवाकडे मागितलं जायचं आणि फ्राइज ते माणसाच्या कामात धरत होते. व्यायाम, रक्तदाब, तंबाखू सोडणं. मला त्यात घरातल्या माणसांची एक जागा दिसते, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. "तू बस, मी करते." आमच्या घरातलं हे सगळ्यांत मायेचं वाक्य. आईचं पोळपाट-लाटणं गेलं ते या वाक्यानं, कारण पोळ्या करपायला लागल्या होत्या. पूजेचा पाट गेला, कारण जमिनीवरून उठताना तिला हात टेकावा लागायचा. मग देवघरासमोर उंच खुर्ची आली आणि आता हात टेकूनही उठता येत नाही. गॅसची नोंदणी, लाइटबिल, दुधाचे कूपन, एकेक करून सगळं माझ्या फोनमध्ये आलं. दर वेळी कारण खरं होतं, आणि दर वेळी तिच्या हातातलं काही ना काही कमी झालं.

जानेवारीत तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं: थायरॉइड, बी-१२. पुण्यात बी-१२ बघतातच. इथल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्यातल्या ६७ टक्क्यांत हे जीवनसत्त्व कमी निघालं होतं. शाकाहारी घरात ते बऱ्याचदा कमी असतं, आणि त्याची कमतरता विसरभोळेपणा आणते, जो काही प्रमाणात भरून निघू शकतो. आईचं कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. श्रवणयंत्राचीही चौकशी झाली. ते दोन वर्षं देवघराच्या खणात पडून होतं, कारण शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, ते आधी घाला. ऐकू न येणं हा डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये अशी १४ कारणं नोंदवली आणि ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील असं म्हटलं. त्याच वाक्यात उरलेले ५५ टक्केही आहेत. बाबांचे एक मित्र रोज दोन वर्तमानपत्रांची शब्दकोडी सोडवायचे, टेकडीवर जायचे, सुपारीचं खांडही खात नसत. तेही शेवटी बायकोला ओळखेनासे झाले. त्यांच्या घरच्यांना कोणी "काय कमी पडलं" असं विचारलं की मला त्या माणसाचा संताप येतो.

मग डॉक्टरांनी आईला सांगितलं, शंभरातून सात वजा करा, आलेल्यातून पुन्हा सात, असं करत जा. आई म्हणाली, त्र्याण्णव. मग थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कसले सात?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नुसते सात, आकडा. ती गप्प. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "रुपये धरू का?" डॉक्टर हसले, म्हणाले, धरा. "शंभराची नोट दिली, सातची कोथिंबीर घेतली, त्र्याण्णव परत. त्यातून सात, शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर." इथे तिनं टेबलावर बोट टेकवलं, जसं तळहातावर टेकवते. "पासष्ट." पाचही बरोबर. थोड्या वेळापूर्वी लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांपैकी मात्र तिला एकच आठवला.

माझ्यासाठीही एक कागद होता. त्यातले बरेचसे प्रश्न १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी या अमेरिकन संशोधकांनी केलेल्या यादीतले, असं नंतर वाचताना कळलं. फोन वापरतात का, बाजारहाट करतात का, स्वयंपाक, औषधं, प्रवास, पैशांचे व्यवहार. रोजच्या जगण्यातली कोणती कामं माणूस स्वतः करू शकतो त्यावरून घसरण मोजतात, आणि पैशांचे व्यवहार हे सर्वांत आधी डगमगणाऱ्या कामांपैकी एक. त्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. बाजारहाट मी करते. लाइटबिल मी भरते. भाजीचे पैसे मी देते. कागदावर विचारलेलं होतं, त्या करतात का. उत्तर होतं, नाही. पण त्यांना येत नाही म्हणून नाही, की करू दिलं जात नाही म्हणून नाही, यासाठी तिथे जागा नव्हती. मी डॉक्टरांना तोंडी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि समासात काहीतरी लिहून घेतलं.

डिमेन्शिया नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी आहे, असं ते म्हणाले. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. काही जण तिथून पुढे जातात, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही मागेही येतात. आई कुठे जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. मी त्यांना विचारलं, तिला हिशेब लिहू द्यावा का, त्रास होतो तिला. ते म्हणाले, त्रास होतो म्हणून त्या थांबल्यात का? मी म्हटलं, नाही, तिनं पेन्सिल घेतली.

परवा पुन्हा मंडईत गेलो. मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना. आता उन्हाळा लागतोय, कैऱ्या आल्यात, पुदिना आला आहे. फोन मी घरीच ठेवला होता, माझाच माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून. कैरी, पुदिना, मिरच्या, काकडी मिळून नव्वद झाले. आईनं पाकीट पोटाशी धरलं, चेन ओढली. मी शेजारच्या गाळ्यावरचे लसणाचे गड्डे बघत उभी राहिले आणि मनात आकडे मोजत गेले. एकशे दहापर्यंत मोजले. तिनं नोटा आणि नाणी मावशींच्या हातात दिली आणि पाकीट बंद केलं. मावशींनी हातातले पैसे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. वीसची एक नोट जास्त होती. काही न बोलता त्यांनी ती कढीपत्त्याच्या दोन काड्यांबरोबर माझ्या पिशवीत सोडली. मला एकदम काकू आठवली, कंदिलाच्या उजेडात वाती पिंजत बसलेली.

घरी आल्यावर ती नोट मी पदराखाली धरून उभी होते. गुपचूप पाकिटात सरकवावी म्हणजे मेळ बसेल आणि तिला कळणारही नाही. की तिच्यासमोर ठेवावी? चहाचं आधण ठेवलं. आई खिडकीजवळ डायरी घेऊन बसली होती, कानात यंत्र, हातात पेन्सिल. कैरी, पुदिना, मिरची, काकडी. बेरीज. पाकीट उलटं करून मोजलं. पुन्हा बेरीज. खोडरबर चालला. पुन्हा पाकीट. चहा उकळून साय धरायला लागला तरी ती मान वर करेना. बाहेरचा उजेड कमी झाला म्हणून मी दिवा लावायला गेले, तेव्हा ती म्हणाली,

"वीस लागत नाहीत. मावशीला मी वीस जास्त दिले असणार."

मी नोट तिच्यापुढे धरली. "त्यांनी परत केले."

"मला का नाही दिले?" तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं नोट घेतली, उजेडाकडे धरून बघितली, चार घड्या घालून पाकिटात ठेवली. मग आजची शिल्लक लिहिली, सावकाश, आकडा गिरवून. मेळ बसला होता. पेन्सिल डायरीत ठेवून तिनं डायरी मिटली आणि समाधानानं मला विचारलं,

"उद्या गुरुवार ना? पानं आणायची राहिली की गं."

तो शनिवार होता.